जिम्नीला २३५ चे टायर घालू का? (धागा)

रानवाटा_पुणे (धागाकर्ती), १८ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

गाडी मारुतीची जिम्नी, मॅन्युअल, २०२३ च्या शेवटी घेतलेली. कंपनीचे १९५/८० आर१५ टायर ४४ हजार किलोमीटर चालून आता गोटे व्हायला आलेत. महिन्यातून दोनदा तरी मावळ, वेल्हे, मुळशी या बाजूला जाणं होतं. बाकी ऑफिसला रोज ३० किलोमीटर.

मागच्या जुलैत मोहरीच्या वाटेवर एका चढाला गाडी आडवी सरकली आणि चारीत मागचं चाक गेलं. फोर व्हील लो मध्ये होते, ब्रेक एलएसडी (मोकळं फिरणारं चाक ब्रेकने धरणारी यंत्रणा) खर्र-खर्र करून दमली, गाडी हलेना. तेवढ्यात मागून गावातली बोलेरो आली. टू व्हील ड्राइव्ह, आत अकरा माणसं आणि टपावर पत्रे. तो ड्रायव्हर शेजारून निवांत वर चढून गेला, वर गाडी लावली, खाली आला आणि म्हणाला, "ताई, हवा काढा थोडी." मला आधी वाटलं टोमणा मारतोय.

तर आता टायर बदलायचेच आहेत. मनात २३५/७५ आर१५ ऑल टेरेन (डांबरी आणि कच्ची वाट, दोन्हीला चालणारे) आहेत, कारण ज्या ज्या जिम्न्या बघते त्यांना तेच दिसतात आणि दिसतात झक्क. दुकानदार म्हणतो बिनधास्त बसतात, काही करावं लागत नाही. तरी विचारते: कुठे घासतात का? घाटात गाडी दमेल का? अ‍ॅव्हरेज किती पडेल? कुणी प्रत्यक्ष घातले असतील तर खरं सांगा.

---

चाकोरीबाहेर, १८ मे, रात्री ११:१०

डोळे मिटून २३५ घाला. माझ्या गाडीला एक वर्ष झालं. गाडीचा चेहराच बदलतो. कंपनीच्या टायरवर जिम्नी म्हणजे मोठ्या भावाची चप्पल घातलेलं पोर, उलट अर्थाने. :)

---

मोजपट्टी, १९ मे, सकाळी ७:३५

आधी आकडे, मग चेहरा.

१९५/८० आर१५ मध्ये १९५ ही रुंदी मिलीमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. म्हणजे भिंत १५६ मिमी, दोन्ही बाजूंची ३१२, रिम ३८१. एकूण व्यास ६९३ मिमी.

२१५/७५ आर१५ चा व्यास ७०३.५ मिमी, म्हणजे दीड टक्का मोठा.
२३५/७५ आर१५ चा ७३३.५ मिमी, म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या वर मोठा.

आता कुणी म्हणेल ४० मिमी वाढलं म्हणजे गाडी ४० मिमी उंच झाली. नाही. गाडी अक्षाच्या खाली जेवढी वाढ झाली तेवढीच उचलली जाते, म्हणजे निम्मी. २३५ ने २० मिमी मिळतात, २१५ ने जेमतेम ५. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० आहे, त्यात ही भर.

पण या २० मिमीला हसू नका. जिम्नीला पुढे-मागे सलग एक्सल आहेत. दगडाला आधी आपटतो तो डिफचा (डिफरन्शिअल, दोन चाकांना जोर वाटून देणारे गिअर) गोळा, आणि तो एक्सलवर बसलाय. लिफ्ट किटने स्प्रिंग उंच होतात, बॉडी वर जाते, पण डिफ आहे तिथेच राहतो. डिफ जमिनीपासून वर न्यायचा एकच मार्ग, मोठं चाक. त्यामुळे लोक मोठ्या टायरच्या मागे लागतात ते निव्वळ दिखाव्यासाठी नाही.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मोठं चाक म्हणजे न विचारता बदललेला गिअर. जिम्नी मॅन्युअलचा पहिला गिअर ४.४२५, लो रेंज २.००२, फायनल ड्राइव्ह ४.०९०. गुणाकार ३६ च्या थोडा वर. २३५ घातले की हाच आकडा ३४ च्या आसपास वागतो. चढाला तेवढा जोर कमी, आणि उताराला तेवढं इंजिन ब्रेकिंग कमी. दुसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. लो मध्ये पहिल्या गिअरवर पाय सोडून गाडी उतारावर जी मुंगीसारखी चालते, ती जराशी पळायला लागते.

हायवेवर मात्र उलटा फायदा. या गाडीचा पाचवा गिअर थेट १:१ आहे, ओव्हरड्राइव्ह नाहीच. शंभरला इंजिन ३१०० च्या वर फिरतं. २३५ ने ते २९५० वर येईल. कानाला बरं वाटेल. पण १०५ पीएसच्या इंजिनाला खंबाटकीच्या चढावर पाचवा झेपेल का, ते वेगळं. चौथा लवकर टाकावा लागेल.

ताई, दुकानदाराला एक प्रश्न विचारा: रिम कोणती? कंपनीची रिम साडेपाच इंच रुंद आहे. २३५/७५ आर१५ ला टायर बनवणारे सहा ते आठ इंच रिम सांगतात. साडेपाच बसत नाही असं नाही, बसते. पण टायर मध्ये फुगतो, कडेने झिजत नाही, मधोमध झिजतो. आणि हवा कमी केली की मणी (टायरची रिममध्ये बसणारी कड) रिमवरून निसटायची भीती. २१५/७५ ला साडेपाच चालते.

चाकोरीबाहेर, तुमच्या गाडीला कुठली रिम आहे?

---

चाकोरीबाहेर, १९ मे, सकाळी ९:०२

अलॉय. ७ इंची. कंपनीची नव्हे.

---

मोजपट्टी, १९ मे, सकाळी ९:०६

आणि लिफ्ट?

---

चाकोरीबाहेर, १९ मे, सकाळी ९:२०

दोन इंच. बरं बरं, सविस्तर लिहितो संध्याकाळी. पकडलंत.

---

जिप्सीकाका, १९ मे, दुपारी १:४८

रानवाटा, पोरी, मी १९९७ पासून जिप्सी चालवतोय. दोन बदलल्या, तिसरी दारात आहे. त्यामुळे माझं म्हातारपणाचं ज्ञान ऐकून घे, मग हवं ते कर.

आमच्या वेळी उभे आणि अरुंद टायर असायचे. नव्या पोरांना ते सायकलचे वाटतात. पण सह्याद्रीतला पावसाळी चिखल कसा असतो? वर चार बोटं लाल राड आणि खाली मुरूम किंवा कातळ. अरुंद टायर ती राड कापून खालच्या कठीण थराला जाऊन पकडतो. रुंद टायर वर तरंगतो, मग घसरतो. वाळूत याच्या नेमकं उलट. राजस्थानात जायचं असेल तर रुंद घाल. मोहरीला जायचं असेल तर रुंदीचा सोस कशाला?

दुसरं. तुझ्या शेजारून गेलेल्या बोलेरोला कुठले टायर होते माहितेय? २१५/७५ आर१५. बोलेरोचं मापच ते. म्हणजे मोजपट्टीने जे दुसरं माप लिहिलंय ते वेल्ह्यात, भोरात, जुन्नरात, अकोल्यात, कुठल्याही टायरवाल्याकडे भिंतीला टांगलेलं असतं. नवा, जुना, रिमोल्ड केलेला, सगळा. रविवारी संध्याकाळी साइडवॉल फाटली तर २३५ चा ऑल टेरेन शोधायला तुला पुण्यालाच यावं लागणार. ते पण टोवरून.

तिसरं. तो ड्रायव्हर टोमणा मारत नव्हता.

---

शेतावरून_परभणी, १९ मे, रात्री ८:१५

काकांशी निम्मा सहमत. ते लाल मातीचं सांगतात, आमच्याकडे काळी. काळ्या रानात खाली कठीण थर नसतोच, टायर जेवढा खाली जाईल तेवढी मातीच. आणि ती चिकटते. दहा पावलांत ऑल टेरेनच्या खाचा भरून टायर पाटा होतो, मग २३५ असो नाहीतर ३५ इंची. आमच्याकडे शहाणा माणूस पावसानंतर दोन दिवस रानात गाडी घालत नाही. ट्रॅक्टरवाला सुद्धा घालत नाही.

मोठ्या खाचांचे मड टायर थोडे बरे, फिरताना माती फेकतात. पण डांबरीवर त्यांचा आवाज म्हणजे गिरणी सुरू आहे असं वाटतं, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागताना जीव मुठीत. रोज ३० किलोमीटर ऑफिस असेल तर मड टायर विसरा.

---

चाकोरीबाहेर, १९ मे, रात्री १०:३०

सांगतो आता खरं. पहिला प्रतिसाद जरा उत्साहात गेला.

आधी कंपनीच्या रिमवर २३५ घातले. सरळ रस्त्याला काही नाही. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की आतल्या बाजूला रेडियस आर्मला (एक्सल चेसिसला जोडणारा दांडा) टायर घासायचा. पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना घर्रर्र. एका बाजूचं स्प्रिंग दबलेलं असताना वळवलं की पुढच्या बंपरच्या मागच्या कडेला आणि मडफ्लॅपला. मडफ्लॅप काढून टाकले. आता पावसात दरवाजे आणि मागची काच कायम चिखलाने माखलेली.

आर्मला घासू नये म्हणून टायर बाहेर काढायला रुंद, कमी ऑफसेटच्या (चाक बाहेरच्या बाजूला बसवणाऱ्या) रिम घेतल्या. आतून सुटला, पण बाहेर आल्यामुळे वळवताना मोठ्या वर्तुळात फिरायला लागला आणि बंपरला जास्त लागायला लागला. म्हणून दोन इंच लिफ्ट. लिफ्ट केल्यावर पुढच्या एक्सलचा कॅस्टर (स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा कोन) कमी झाला. स्टिअरिंग सोडलं की सरळ यायचं बंद झालं, ऐंशीला गाडी भटकायला लागली. म्हणून कॅस्टर करेक्शनचे बुश.

मग एक दिवस नाशिक-सिन्नर रस्त्यावर साधारण सत्तरच्या वेगात छोटा खड्डा लागला आणि स्टिअरिंग थडथडायला लागलं. थडथडणं म्हणजे काय, हात सुटायची वेळ. बाजूला घेतली. बायको आठ दिवस गाडीत बसली नाही. एकाने सांगितलं मोठा स्टिअरिंग डॅम्पर टाका. तो टाकला असता तर थडथड दबली असती, गेली नसती. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पुढचं चाक उचलून वर-खाली हलवून बघितलं. किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंग सैल आणि दोन चाकांचं बॅलन्सिंग वाईट. जड टायरने बेअरिंगचं वय लवकर काढलं, असं त्याचं मत. मलाही पटलं.

आता गाडी छान आहे. पण टायरच्या किमतीएवढेच पैसे टायरच्या मागे धावण्यात गेले. एवढं करायची तयारी असेल तर २३५ ला तोड नाही. दगडात डिफ लागत नाही हे खरंच सुख आहे, मोजपट्टी म्हणतात ते अनुभवाने सांगतो.

---

मोजपट्टी, १९ मे, रात्री १०:४४

मोकळेपणाने लिहिलंत, मानलं.

अ‍ॅव्हरेज किती पडला? आणि सांगताना ओडोमीटरची दुरुस्ती करून सांगा.

---

चाकोरीबाहेर, १९ मे, रात्री १०:५८

आधी १६ यायचा, आता साडेचौदा. दुरुस्ती म्हणजे?

---

मोजपट्टी, १९ मे, रात्री ११:१५

चाक मोठं झालं, पण मीटर अजून जुन्या चाकाचे फेरे मोजतोय. तुमच्या मीटरवर १०० किलोमीटर पडले तेव्हा गाडी जवळजवळ १०६ चाललीय. म्हणजे साडेचौदा खरं तर सव्वापंधराच्या वर. मोठ्या टायरने अ‍ॅव्हरेज 'पडला' असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा अ‍ॅव्हरेज मीटरमध्ये पडलेला असतो. (उरलेल्या निम्म्यांचा खरंच पडतो. जड चाक फिरवायला आणि थांबवायला पेट्रोल आणि ब्रेक दोन्ही लागतात. शहरात सिग्नल-सिग्नलला ते जास्त जाणवतं.)

स्पीडोमीटरचंही तेच. कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे दाखवतात, कमी दाखवायला परवानगी नसते. २१५ घातले तर काटा खऱ्याच्या जवळ येतो. २३५ घातले तर काट्यावर ८० दिसताना गाडी खरी किती चाललीय ते एकदा जीपीएसवर ताडून बघा. स्पीड कॅमेरा तुमच्या काट्याकडे बघत नाही.

---

कलम_बावन्न, २० मे, सकाळी ११:२५

नाव बघून कळलं असेल काय लिहिणार.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने मूळ जे तपशील दिले त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं, तेव्हापासून 'सगळेच करतात' हा युक्तिवाद आणखी लंगडा झालाय. चाकोरीबाहेर यांच्या गाडीतली लिफ्ट आणि फेंडरबाहेर आलेली चाकं कुठल्याही अधिकाऱ्याला लांबून दिसतात.

नाक्यावर टायरचं माप फारसं कुणी वाचत नाही, हे मलाही माहीत आहे. पण मोठा अपघात झाला, दावा गेला, की विम्याचा सर्व्हेअर फोटो काढतो आणि त्यात टायरच्या भिंतीवरचे आकडे स्पष्ट येतात. बदल करायचाच असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर सस्पेन्शन, स्टिअरिंग, बेअरिंगच्या तक्रारीत टायरचं कारण पुढे केलं जाणार, हे धरून चला.

---

पर्थहून_पाटील, २० मे, दुपारी ३:४०

इथे ऑस्ट्रेलियात निदान आकडा लिहून दिलाय. ऑफ-रोड वर्गातल्या गाडीला कंपनीच्या सगळ्यात मोठ्या टायरपेक्षा ५० मिमीपर्यंत मोठा व्यास राष्ट्रीय नियमावलीत चालतो. २३५/७५ ने ४० वाढतात, म्हणून इथे जिम्नीवर ते सर्रास दिसतात. तुमच्याकडचे फोटो बहुतेक इथूनच सुरू झालेत. पण इथली वाट म्हणजे शेकडो किलोमीटर वाळू आणि खडी. तुमच्या घाटातल्या चिंचोळ्या, ओल्या चढाशी त्याचा काय संबंध? काकांना +१.

---

दर्यावर्दी, २० मे, रात्री ९:०५

अवांतर: मोठे टायर घातले म्हणून कृपया कोकणात येऊन गाडी पुळणीवर घालू नका. बहुतेक ठिकाणी मनाई आहे, आणि दर मे महिन्यात भरतीच्या पाण्यात अडकलेली एक तरी गाडी ट्रॅक्टरने ओढायला आम्हालाच बोलावतात. खारं पाणी चेसिसमध्ये गेलं की टायरचं माप कुठलंही असो. धन्यवाद.

---

रानवाटा_पुणे, २० मे, रात्री ११:३०

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. वाचनखूण साठवली, स्वतःच्याच धाग्याची.

दर्यावर्दी, नाही घालणार, वचन.

एक मूर्ख प्रश्न. तो ड्रायव्हर म्हणाला हवा काढा. किती? आणि मग परत भरायची कुठे, मोहरीत?

---

जिप्सीकाका, २१ मे, सकाळी ६:२०

मूर्ख नाही, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे.

हवा कमी केली की टायर रुंदीला फार वाढत नाही, लांबीला वाढतो. जमिनीला टेकलेला तळवा लांब होतो, रबर दगडाभोवती वळतं. दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिलाय तो डांबरीसाठी. चिखल-दगडाला मी अठरा पीएसआयपर्यंत उतरवतो, अगदीच अडलं तर सोळा. त्याखाली जात नाही, आणि उतरवलेल्या हवेवर ताशी तीसच्या वर पळवत नाही. वेगाने वळण घेतलंस तर टायर रिमवरून निघेल.

भरायला बॅटरीवर चालणारा छोटा पंप घे. सिगारेट लायटरचा नको, बॅटरीला चिमटे लावायचा. आणि एक हवेचा मीटर, स्वतःचा. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विश्वास ठेवणारा माणूस मी अजून बघायचाय.

गंमत सांगू? मागच्या जुलैत तू त्याच गोट्या टायरांची हवा अठरावर आणली असतीस तर बहुधा चढली असतीस. हा धागा निघाला नसता.

---

मोजपट्टी, २१ मे, सकाळी ८:१०

काकांना पूर्ण अनुमोदन. आता टायर निवडताना चार गोष्टी, घाईत लिहितो.

मापाच्या पुढचा आकडा वाचा. कंपनीच्या टायरवर ९६ एस आहे. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, एस म्हणजे ताशी १८० पर्यंत. नवा टायर ९६ पेक्षा खाली नको. पण फार वरही नको. ट्रकछाप, जाड भिंतीचे, दहा प्लायचे (थरांचे) टायर लोक 'मजबूत' म्हणून घेतात. ही गाडी बाराशे किलोची आहे. ती त्या भिंतीला वाकवूच शकत नाही, मग प्रत्येक गतिरोधक कमरेत जातो आणि हवा काढूनही तळवा पसरत नाही.

भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का शोधा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दीड-दोन वर्षं दुकानात पडलेला माल नव्याच्या भावात घेऊ नका.

पाच घ्या, चार नाही. स्टेपनी जुन्या मापाची ठेवली आणि पंक्चर झालं की एका एक्सलवर दोन वेगळी चाकं येतात. फोर व्हीलमध्ये तर अजिबात चालवू नका. जिम्नीच्या पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये सेंटर डिफ नाही, फरक सगळा गिअरवर येतो. नाइलाज झालाच तर छोटं चाक पुढे लावा आणि टू व्हीलमध्ये घरी या.

बसवून झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने नट पुन्हा आवळून घ्या. आणि डांबरीसाठी हवा किती, ते खडूने ठरवा. टायरवर आडवी खडूची रेघ मारा, सरळ सपाट रस्त्यावर थोडं चालवा. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, कडेलाच पुसली तर कमी.

---

चाकोरीबाहेर, २१ मे, सकाळी ८:४०

खडूची आयडिया एक वर्ष आधी कुणी का नाही सांगितली? माझे मधोमध झिजलेत.

---

रानवाटा_पुणे, ७ जून, सायंकाळी ६:१२

धागा वर काढते.

घेतले. २१५/७५ आर१५, ऑल टेरेन, पाच. जुन्या रिमवरच. दुकान बदललं. पहिल्या दुकानदाराला रिमच्या रुंदीचा प्रश्न विचारला तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर आहात का?" नाही हो, वाचक आहे.

दुसऱ्या दुकानात चौथ्या टायरवर दोन वर्षांपूर्वीचा आठवडा सापडला. बाकीचे या वर्षीचे. बदलून दिला, कुरकुर न करता. बसवायच्या आधी जुनं आणि नवं चाक तिथल्याच काट्यावर ठेवलं. रिमसकट नवं साडेतीन किलोंनी जड. पाच चाकांचे साडेसतरा किलो. २३५ चं तर बघितलंच नाही, मोह नको.

पूर्ण वळवून बघितलं, दोन्हीकडे. कुठेही घासत नाही. जीपीएसवर ८० असताना काटा ८२ दाखवतो, आधी ८४ दाखवायचा. ऑफिसच्या रस्त्यावर थोडा गुणगुणता आवाज आहे. पहिल्या दोन दिवसांत जाणवला, मग सवय झाली. पिक-अपमध्ये फरक आहे का? सिग्नलवरून सुटताना किंचित. की मीच शोधतेय म्हणून वाटतोय?

---

कलम_बावन्न, ७ जून, रात्री ८:५०

विमा कंपनीला कळवलंत का?

---

रानवाटा_पुणे, ७ जून, रात्री ९:०५

ईमेल केलाय. उत्तर आलं की प्रिंट काढून गाडीच्या कागदांत ठेवते. तुमच्या भीतीने.

---

रानवाटा_पुणे, ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

काल पुन्हा मोहरी.

पाऊस सकाळपासून लागलेला. त्या चढाच्या खाली गाडी थांबवली, उतरले, चारही टायरची हवा अठरावर आणली. काकांच्या शब्दात 'स्वतःच्या' मीटरने. पाऊण तास गेला, कारण पहिल्यांदाच करत होते आणि एका वॉल्व्हची सुई हातातून निसटून चिखलात पडली. मैत्रीण छत्री धरून हसत होती.

लो, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर जवळजवळ नाहीच. मध्यावर मागचं चाक थोडं बाजूला सरकलं, मग त्याने स्वतःच काहीतरी धरलं आणि गाडी चढली. खर्र-खर्र एकदाच ऐकू आलं. वर पोचल्यावर पाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू.

एका ठिकाणी डिफ दगडाला लागलाच. टण्ण. २३५ असते तर कदाचित चुकला असता, चाकोरीबाहेर यांची आठवण काढली. तो दगड येताना हाताने बाजूला केला.

हवा वर गावातच भरली. एका टायरला आठ मिनिटं लागतात, पंप मध्येच गरम होतो, थांबावं लागतं. तेवढ्या वेळात दोन चहा झाले.

---

जिप्सीकाका, ४ ऑगस्ट, सकाळी ६:०५

शाब्बास. दुसरा गिअर कुणी सांगितला?

---

रानवाटा_पुणे, ४ ऑगस्ट, सकाळी ९:१५

कुणी नाही. पहिल्यात चाक जास्त फिरेल असं वाटलं. चुकलं का?

---

जिप्सीकाका, ४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

नाही. म्हणून तर विचारलं.

---

शेतावरून_परभणी, ४ ऑगस्ट, रात्री ७:५०

अभिनंदन ताई. जुने टायर काय केले? चांगले असतील तर आमच्या पाण्याच्या टाकीच्या गाड्याला हवे होते.

---

रानवाटा_पुणे, ४ ऑगस्ट, रात्री ८:२०

उशीर झाला हो दादा. चार टायर टपावर बांधून परवा मोहरीलाच नेले होते. ज्यांच्या घरी चहा झाला त्या मामांनी मागच्या पावसातच मागून ठेवले होते, पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवायला. तिथे वारा फार. शिडी लावून आम्हीच वर चढवले. पाचवा, न वापरलेल्या स्टेपनीचा, घरी पडून आहे. पुण्यात येणार असाल तर घेऊन जा.